समुद्रकाठची छोटी रोड ट्रिप आणि रात्रीच्या आकाशाची फोटोग्राफी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन दिवस हाताशी आहेत, गाडी आहे, कॅमेरा आहे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जात दिवसा समुद्र, रात्री तारे टिपायचे आहेत, अशा बेतासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कुठल्याही देशातल्या किनाऱ्याला लागू पडेल एवढंच इथे घेतलं आहे. उत्तर आणि दक्षिण गोलार्धात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे. यातल्या बऱ्याच उत्तरांचं मूळ एकच आहे. आकाश किती काळं असेल आणि पाणी कुठवर चढेल, या दोन्ही गोष्टींवर चंद्राचा ताबा असतो. म्हणून आधी चंद्र बघा, मग किनारा निवडा आणि राहायची सोय त्यानंतर करा.

तारीख कशी ठरवायची? सुट्टी तर शनिवार-रविवारचीच असते.

असू द्या. वर्षात साधारण बारा-तेरा अमावस्या येतात आणि त्यांतल्या काही शनिवार-रविवारच्या आसपास पडतातच. आकाशगंगेचा पट्टा नीट टिपायचा असेल तर अमावस्येच्या मागेपुढे चार-पाच दिवसांचा काळ धरा. अमावस्येच्या आधीचे दिवस असतील तर चंद्र पहाटे उगवतो, म्हणजे रात्रीचा पहिला आणि मधला भाग काळोखाचा मिळतो. अमावस्येनंतरचे असतील तर चंद्राची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि मावळते, मग पुढची सगळी रात्र मोकळी.

चतुर्थीच्या सुमाराची कोर मला फार उपयोगी वाटते. सूर्यास्तानंतर सुमारे तीन तास ती आकाशात असते, तिचा मंद उजेड कातळांवर आणि लाटांच्या फेसावर तिरका पडतो आणि ती मावळली की पूर्ण अंधार होतो. एकाच रात्रीत दोन वेगळ्या जातीचे फोटो मिळतात.

अष्टमीचा चंद्र म्हणजे पौर्णिमेच्या निम्मा उजेड, असा समज असतो. प्रत्यक्षात पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्रापेक्षा सुमारे दहापट तेजस्वी असतो. त्यामुळे अष्टमीच्या रात्रीही ठळक तारे आणि समुद्र एकाच फोटोत छान बसतात. पौर्णिमेलाच सुट्टी आली तर आकाशगंगेचा नाद सोडा आणि चांदण्यातला समुद्र टिपा. तोही विषय तितकाच मोठा आहे.

अमावस्येला काळोख मिळतो, पण भरतीही मोठी असते ना?

हो, आणि समुद्रकाठच्या रात्रीच्या फोटोग्राफीचा खरा पेच हाच आहे. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांच्या ओढीची बेरीज होते आणि उधाणाची भरती येते. ती बहुधा त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. आकाशासाठी उत्तम असलेल्या रात्री पाणी सर्वांत वर येतं आणि सर्वांत खालीही जातं.

दिवसाला दोन भरत्या असणाऱ्या किनाऱ्यांवर, आणि जगातले बरेच किनारे तसेच आहेत, यातून एक फार कामाची गोष्ट निघते. अशा किनाऱ्यावर उधाणाची भरती दर वेळी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. म्हणजे एखाद्या जागी अमावस्येच्या रात्री बाराच्या सुमाराला भरती असेल, तर पुढच्या अमावस्येलाही ती बाराच्या आसपासच असणार आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. वर्षभर हे गणित फारसं हलत नाही. ओल्या वाळूत ताऱ्यांचं प्रतिबिंब हवं असेल आणि तुम्ही निवडलेल्या पुळणीवर काळोख्या मध्यरात्री नेहमी भरतीच असेल, तर महिना बदलून उपयोग नाही, किनारा बदलावा लागेल. भरतीचं वेळापत्रक आधी बघायचं ते यासाठी.

आकाशगंगा कोणत्या महिन्यांत दिसते?

फोटोत दिसतो तो आकाशगंगेचा दाट, उजळ भाग धनू राशीच्या दिशेला आहे. डिसेंबरमध्ये सूर्यच त्या बाजूला असल्यामुळे तो दिसत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तो पहाटे आग्नेयेकडून वर येतो, जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत उंच असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंधार पडता पडता डोळ्यांसमोर असतो. झोपेचं खोबरं न करता फोटो हवे असतील तर हे शेवटचे महिने सोयीचे.

तो किती उंच दिसेल हे अक्षांशावर ठरतं. २० अंश उत्तर अक्षांशावर तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांपर्यंत चढतो, ४० अंशांवर जेमतेम २१ अंशांपर्यंत. दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या आसपास तो जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून तिथले फोटो वेगळेच दिसतात. उत्तरेकडे ४९ अंशांच्या पुढे जून महिन्यात रात्र पूर्ण काळी होतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

उत्तरेकडच्या हिवाळ्यात जाणार असाल तर निराश होऊ नका. मृग नक्षत्र, व्याध, रोहिणी, कृत्तिका हा आकाशातला सर्वांत तेजस्वी घोळका तेव्हा वर असतो आणि समुद्रातून उगवणारं मृग नक्षत्र कमी अनुभवाच्या फोटोग्राफरलाही साधतं. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. १२-१३ ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव उत्तर गोलार्धातून जास्त चांगला दिसतो. दोन्हींच्या वेळी चंद्र कुठे आहे तेवढं आधी पाहा.

दोन-तीन दिवसांत किती ठिकाणं करावीत?

दोन. फार तर तीन. यावर मी ठाम आहे. एका जागी दुपारी उशिरा पोचायचं, उजेडात ती पायी फिरून बघायची, सूर्यास्त, संधिप्रकाश, रात्र आणि जमल्यास पहाट तिथेच काढायची. दुसऱ्या दिवशी उशिरा उठून पुढच्या जागी जायचं. दिवसाला सहा ठिकाणं ‘कव्हर’ करणाऱ्या ट्रिपमध्ये प्रत्येक जागी भर दुपारचा पांढरा उजेड मिळतो आणि रात्री अनोळखी कड्यावर चाचपडावं लागतं.

किनाऱ्याचे रस्ते वळणाचे असतात, खाड्यांना वळसे पडतात आणि दर थोड्या अंतरावर थांबावंसं वाटतं. थांबे धरून ताशी ३०-४० किलोमीटरच हिशेबात घ्या. नकाशावरची तासाभराची वाट दोन तास खाते आणि तेवढ्यात सूर्य बुडालेला असतो.

जागा घरबसल्या कशी निवडायची?

तीन गोष्टी नकाशावरच कळतात. पहिली, किनाऱ्याचं तोंड कुठे आहे. पश्चिमेला असेल तर सूर्यास्त पाण्यावर, पूर्वेला असेल तर सूर्योदय. उत्तर गोलार्धात आकाशगंगेसाठी दक्षिणेकडे उघडं क्षितिज सर्वांत मोलाचं, कारण पाण्यावर गावांचे दिवे नसतात आणि क्षितिजापर्यंत तारे मिळतात. सरळ लांब किनाऱ्यापेक्षा समुद्रात घुसलेलं भूशिर किंवा अर्धवर्तुळाकार आखात जास्त दिशा देतं.

दुसरी, प्रकाशप्रदूषण. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी वापरतात. पहिली पायरी म्हणजे निखळ काळोख, नववी म्हणजे शहराच्या मध्यभागाचं आकाश. चौथ्या पायरीपर्यंत काम छान होतं. मात्र शहर तुमच्या पाठीशी आहे की तुम्ही फोटो काढणार त्या बाजूला, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. पाठीमागे ४० किलोमीटरवर असलेलं शहर चालतं, तेच समोर असलं तर क्षितिजाजवळ नारिंगी डाग उमटतो. समुद्रावरची दमट हवा असा उजेड आणखी पसरवते.

तिसरी, फोटोच्या पुढच्या भागात काय आहे. नुसती वाळू आणि नुसतं आकाश असा फोटो एकदा बरा वाटतो. कातळाचे सुळके, गुहा, लाटांनी कोरलेली कमान, वाळूवरचं नागमोडी पाणी असं काहीतरी हवं. उपग्रहाच्या चित्रांत ते दिसतं. स्टेलॅरियम किंवा फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये ठरलेल्या तारखेला आकाशगंगा कुठल्या दिशेला आणि किती उभी असेल हे बघा आणि तो सुळका त्या रेषेत येतो का ते नकाशावर मोजा. घरची ही अर्धा तासाची बैठक किनाऱ्यावरचे दोन तास वाचवते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेमकं कसं वापरायचं?

वेळापत्रकात भरती आणि ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची दिलेली असते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. उंचीतला फरक जागेप्रमाणे प्रचंड बदलतो. भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी तो अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत जातो. त्यामुळे एका किनाऱ्याचा अंदाज दुसऱ्यावर लावू नका.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे नीट समजून घ्या. खलाशी यासाठी बाराव्या हिश्श्यांचा ठोकताळा वापरतात. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक बारांश चढतं. एकूण फरक ४ मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून २ मीटर. ओहोटीला कातळावर जाऊन बसलेल्या माणसाला पहिला तास ‘काही होत नाही’ असं वाटतं आणि पुढे तासा-दोन तासांत परतीची वाट पाण्याखाली जाते. अपघात होतात ते असे. ओहोटीच्या आधी तासभर कातळावर उतरा, ओहोटीनंतर तासाभरात बाहेर या, आणि त्यासाठी मोबाइलवर गजर लावून ठेवा. फोटो काढताना वेळेचं भान राहत नाही.

वेळापत्रकातले आकडे शांत हवेचे असतात. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर पाणी त्याहून वर चढतं आणि लाटांची उंची त्या आकड्यांत धरलेलीच नसते.

खडकांवर रात्री उभं राहणं सुरक्षित आहे का?

उजेडात पाहून ठेवलेल्या, कोरड्या, पाण्यापासून बऱ्याच उंचीवरच्या खडकावर, सोबतीला कुणी असेल तर ठीक. एरवी नाही.

दिवसा किमान वीस मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. लाटा गटागटाने येतात आणि मोठा गट मधूनच येतो. जिथवर खडक ओला आहे तिथवर पाणी येतं, मग आत्ता ते कितीही लांब दिसो. काळपट किंवा हिरवट शेवाळाचा पट्टा म्हणजे रोज पाण्याखाली जाणारा भाग, त्यावर बूट टिकत नाही. समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्यात डोकं घालू नका. उंच कड्याच्या कडेपासून दूर राहा, खालून माती पोखरलेली असू शकते. कुठे आहात आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून ठेवा, कारण किनाऱ्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. कुठलाही फोटो यापेक्षा मोठा नाही.

कॅमेरा कोणता लागेल? मोबाइल चालेल?

गेल्या दहा वर्षांतला कुठलाही अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा चालतो. बॉडीपेक्षा लेन्सवर लक्ष द्या. १४ ते २४ मिलिमीटर फोकल लेंग्थची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, एफ २.८ किंवा त्याहून मोठं अ‍ॅपर्चर असलेली लेन्स असेल तर रात्र सोपी जाते (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). किटसोबत आलेल्या एफ ३.५ च्या लेन्सनेही सुरुवात करा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, थोडा वाढवावा लागेल इतकंच. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर भक्कम ट्रायपॉडवर करा.

मोबाइलही चालतो. गुगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये ताऱ्यांसाठी खास मोड दिला, त्यात अनेक छोटे फोटो जोडून काही मिनिटांचं एक्स्पोजर तयार होतं. आता बऱ्याच कंपन्यांचे फोन तसं करतात. फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, टायमर लावा आणि त्याला हात लावू नका. मोठ्या छपाईसाठी मात्र कॅमेराच हवा.

संध्याकाळी लाटांसाठी शटर स्पीड किती ठेवावा?

पाण्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं, त्यावर आहे. खडकावर आपटून उडालेलं पाणी गोठवायचं असेल तर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. पाणी धुक्यासारखं गुळगुळीत हवं असेल तर ३० सेकंद किंवा जास्त. मला या दोन्हींपेक्षा पाव सेकंद ते एक सेकंदाची पट्टी आवडते. लाट फुटून परत निघाली की फेसाच्या पांढऱ्या रेघा वाळूवरून समुद्राकडे ओढल्या जातात आणि फोटोत आपसूक दिशा येते. शटर दाबायचं ते लाट परतायला लागल्यावर, येताना नाही.

उजेड जास्त असेल तेव्हा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लावा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. सहा स्टॉपचा फिल्टर उजेड ६४ पट कमी करतो, दहा स्टॉपचा सुमारे हजारपट. म्हणजे फिल्टरशिवाय १/६० सेकंद येत असेल तर दहा स्टॉपच्या फिल्टरसह सुमारे १६ सेकंद. दिवसा ओल्या खडकांवरची चकाकी घालवायला पोलरायझर कामाचा, पण रुंद लेन्सवर त्याने निळ्या आकाशात मध्येच गडद पट्टा येतो. अंधार पडायला लागला की तो काढून ठेवायला विसरू नका, दीड-दोन स्टॉप उजेड तो खातो.

सूर्य बुडाला की लोक निघून जातात. थांबा. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशाचे रंग बदलत राहतात, त्यानंतर गडद निळा काळ येतो आणि १८ अंशांखाली गेला की खरी रात्र होते. विषुववृत्ताजवळ याला सव्वा तास लागतो, उत्तर-दक्षिणेकडे जावं तसा जास्त.

वाळूत ट्रायपॉड हलतो. काय करावं?

ओल्या वाळूत ट्रायपॉडच्या पायाभोवती काय होतं ते एकदा वाकून बघा. लाट येते, पायाभोवती फिरून परतते आणि जाताना पायाच्या मागची वाळू उपसून नेते. छोटा खळगा होतो, पाय अर्धा बोट खाली बसतो आणि क्षितिज तिरपं होतं. तीन-चार लाटांत हे घडतं, डोळ्यांना कळतही नाही.

म्हणून सुरुवातीलाच पाय दाबून, हलवत-हलवत, खालची घट्ट वाळू लागेपर्यंत आत घाला. तीनपैकी एक पाय समुद्राकडे ठेवा. मधला दांडा वर घेऊ नका. वजनासाठी ट्रायपॉडला लटकवलेली बॅग वाऱ्यात झोके घेते, त्यापेक्षा ट्रायपॉड बुटका ठेवा. पाणी पायाला लागत असेल तर लाट निघून जाईपर्यंत शटर दाबू नका आणि दर काही फोटोंनंतर लेव्हल तपासा. वरचे सांधे बंद ठेवून खालचे उघडले तर सांधे पाण्याच्या वर राहतात आणि खारं पाणी, वाळू आत शिरत नाही, दिसायला ते विचित्र असलं तरी.

रात्रीसाठी सुरुवातीची सेटिंग सांगा.

रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), मॅन्युअल मोड, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या आसपास. इथून सुरू करून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, बघत पुढे जा. अंधारात कॅमेऱ्याचा स्क्रीन फार उजळ दिसतो, त्यावर विश्वास ठेवला तर घरी आल्यावर सगळे फोटो काळे निघतात.

एक्स्पोजर किती लांबवायचं यासाठी ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा ठोकताळा आहे. २० मिलिमीटरला २५ सेकंद येतात. छोट्या, म्हणजे १.५ क्रॉपच्या सेन्सरवर तीच लेन्स ३० मिलिमीटरसारखी वागते, म्हणून १६-१७ सेकंद. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा ठोकताळा सैल पडतो, ५०० ऐवजी ३०० घ्या. तारे टोकदार येतात.

आणि फोकस?

ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, सर्वांत ठळक तारा किंवा क्षितिजावरच्या जहाजाचा दिवा शोधा, दहापट मोठा करा आणि फोकसची रिंग अगदी सावकाश फिरवा. ठिपका आक्रसत जाईल, त्याच्या कडेला जांभळट किंवा तांबूस रंग दिसेल, आणि आणखी फिरवली तर पुन्हा फुगेल. तो सर्वांत बारीक असतो तेव्हा शेजारी मघाशी न दिसणारे फिके तारे अचानक उमटतात. तीच जागा. रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरचं अनंताचं चिन्ह नेमकं असेलच असं नाही. रात्री गारठा वाढला की फोकस किंचित सरकतो, दोन तासांनी पुन्हा बघा.

आकाश छान येतं, पण खडक काळे ठिक्कर. त्यावर उपाय?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे गडद निळ्या संधिप्रकाशात, ट्रायपॉड न हलवता, पुढच्या भागाचा फोटो घेऊन ठेवणं आणि काळोख झाल्यावर त्याच चौकटीत आकाश टिपून दोन्ही जोडणं. दरम्यान भरती येणार नाही एवढं बघा, नाहीतर एका फोटोत वाळू आणि दुसऱ्यात पाणी. दुसरा उपाय, आकाशाचा फोटो झाल्यावर त्याच जागेवरून आयएसओ कमी करून दोन-चार मिनिटांचा एक लांब फोटो खडकांसाठी घ्यायचा. चंद्रकोर असेल तर यातलं काहीच लागत नाही.

टॉर्चने खडक उजळायचे असतील तर उजेड बाजूने, अगदी मंद आणि भिंतीवर किंवा वाळूवर आपटवून द्या. कॅमेऱ्याच्या बाजूने मारलेला झोत सगळं सपाट करून टाकतो.

फोटो जोडलेला असेल तर तसं लिहा. त्याच जागेचं, त्याच रात्रीचं आकाश असेल तर मला ते प्रामाणिक वाटतं. दुसऱ्या देशातली आकाशगंगा किंवा उत्तरेच्या क्षितिजावर धनू रास चिकटवलेली मला अजिबात पटत नाही.

दीपगृह चौकटीत घेतलं तर सगळं पांढरं होतं.

दीपगृहाचा दिवा तारे सहज पुसून टाकतो. दिवा एखाद्या झाडामागे किंवा कड्यामागे झाकला जाईल अशी जागा शोधा. किंवा दीपगृहाचे छोटे, ताऱ्यांचे लांब असे वेगळे फोटो घेऊन जोडा. प्रत्येक दीपगृहाचा झगझगीचा क्रम ठरलेला असतो. तो घड्याळावर मोजा आणि दोन झोतांमधल्या काळोखात बसेल असं एक्स्पोजर ठेवून पाहा.

लाटांमध्ये निळा उजेड दिसला. तो फोटोत कसा घ्यायचा?

ही जीवदीप्ती. नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की चमकतात. ती दिसेल त्या रात्री बाकीचा बेत बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी ती असेलच असं नाही. आयएसओ ३२०० ते ६४००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आणि ५ ते १५ सेकंद. फुटणारी लाट जवळून, खालून घ्या. डोळ्यांना ती फिकट दिसते, कॅमेऱ्यात ठळक निळी.

लेन्सवर सारखं धुकं धरतं.

लेन्स दवबिंदूच्या खाली गार झाली की दव धरतं आणि किनाऱ्यावर हवा दमट असल्याने ते लवकर होतं. यूएसबीवर चालणारा लेन्स हीटर पॉवर बँकेला जोडा. तो नसेल तर हात गरम ठेवायच्या पुड्या रबरबँडने लेन्सभोवती बांधा. लेन्स हूड लावा. एसी गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा.

खाऱ्या तुषारांचं वेगळं आहे. ते वाळले की मिठाचे कण उरतात आणि कोरड्या कापडाने पुसलं तर काचेवर ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. वाळूवर लेन्स बदलू नका, गाडीत बसून बदला.

ढग आले तर?

थांबा. पातळ, तुटक ढग असतील तर सूर्यास्त उलट चांगला होतो आणि रात्री ठळक ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं, नक्षत्रं ओळखू येतात. पूर्ण झाकोळलं तर झोपा आणि पहाटे चारला आकाश पाहून घ्या. लांबचं वादळ आणि गडगडाट असेल तर धातूचा ट्रायपॉड घेऊन उघड्या किनाऱ्यावर थांबू नका.

ताऱ्यांच्या गोल रेघा कशा काढतात?

३० सेकंदांचे १२० फोटो, मध्ये खंड न पाडता, म्हणजे एक तास. तेवढ्यात आकाश १५ अंश फिरतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतला नॉइज, म्हणजे दाणे, कमी करायला कॅमेरा प्रत्येक लांब फोटोनंतर थांबतो ती सोय) बंद ठेवा, नाहीतर रेघा तुटक येतील. नंतर फोटो सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा मध्यभागी घ्या. तो जितक्या अंशांवर दिसतो तितका तुमचा अक्षांश. दक्षिणेकडे ध्रुवाजवळ ठळक तारा नाही, त्रिशंकूच्या (सदर्न क्रॉस) लांब दांड्याची रेषा साडेचारपट वाढवून जागा शोधावी लागते. हेच सलग फोटो आकाशगंगेसाठीही कामी येतात. १६ फोटोंमधले तारे जुळवून सरासरी घेतली तर नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो आणि उपग्रहांच्या रेघाही पुसता येतात.

टॉर्च, हेडलाइट याबद्दल काही पाळायचं असतं का?

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती क्षणात जाते. म्हणून मंद लाल उजेडाची हेडटॉर्च वापरा. गाडी लावताना तिचं तोंड किनाऱ्याकडे ठेवू नका. रिमोटने गाडी लॉक केली की चारही इंडिकेटर लुकलुकतात आणि शेजारी चाललेल्या कुणाच्या तरी २० सेकंदांच्या फोटोत नारिंगी खडक येतात. किल्लीने लॉक करा किंवा आधीच करून या.

कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर हंगामात उजेड अजिबात नको, लालही नको. अंड्यातून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. नैसर्गिक अंधारात ते क्षितिज समुद्राचं असतं. टॉर्च लावली की ती उलट दिशेला वळतात आणि मरतात. कड्यांवर पक्ष्यांची घरटी असतील तिथे ड्रोन उडवू नका आणि इतरत्रही परवानगीचे नियम बघूनच उडवा.

रात्रभर फोटो काढून सकाळी गाडी चालवायची, जमतं का?

जमवू नका. मुक्काम फोटोच्या जागेपासून वीस मिनिटांच्या अंतरात ठेवा, हा ट्रिपच्या आखणीतला माझा पक्का नियम आहे. डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपा, खिडक्या उघडून वारा घेतल्याने झोप उडत नाही. दोघं असाल तर एकाने रात्री लवकर झोपावं आणि सकाळी त्यानेच चालवावं. पेट्रोल संध्याकाळच्या आधी भरा. गाडी वाळूवर उतरवू नका, साधी कार ओल्या वाळूत चाक फिरवायला लागली की आणखी रुतते आणि भरती वाट बघत नाही.

डोळ्यांना आकाशगंगा राखाडी दिसली, फोटोत रंगीत. मग खरं काय?

दोन्ही. मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, कॅमेरा मात्र २० सेकंद उजेड साठवतो. एडिट करताना केंद्राजवळ पिवळट-तांबूस छटा आणि बाकी आकाशाला किंचित निळसर करडा रंग राहू द्या. क्षितिजावर हिरवट पट्टे दिसले तर घाईने पुसू नका. वरच्या वातावरणातल्या ऑक्सिजनची ती मंद दीप्ती असू शकते, काळोख्या किनाऱ्यावरच ती मिळते.

घरी आल्यावर पहिलं काय करायचं?

कार्डातले फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि तोवर कार्ड फॉरमॅट करू नका. मग ट्रायपॉड बाथरूममध्ये नेऊन पाय पूर्ण उघडा, गोड्या पाण्याखाली धुवा, सांधे फिरवून वाळू काढा आणि उभा वाळवा. फिल्टर, रिमोट, बॅगेच्या चेन ओल्या कापडाने पुसा. कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर बंद डब्यात ठेवा. गाडीही खालून धुऊन घ्या, चाकांच्या वरच्या कमानीत मीठ अडकून राहतं.